इमारतीतली हवा आणि उष्णता संगणकावर कशी तपासायची: नवख्यांसाठी पायऱ्या

खिडकी कोणत्या भिंतीत घ्यायची, छताला इन्सुलेशन लागेल का, जिन्यावरचा झरोका खरंच गरम हवा बाहेर काढेल का, या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा थोड्या अनुभवावर आणि बऱ्याचशा अंदाजावर दिली जातात. हवेचा प्रवाह आणि तापमान यांचं सिम्युलेशन केलं तर तीच उत्तरं भिंती उभ्या राहायच्या आधी आकड्यांत तपासता येतात. नवखा माणूस मात्र आधी सॉफ्टवेअर उघडतो आणि मग विचार करतो. शेवटी हातात लाल-निळं देखणं चित्र येतं, पण त्या चित्राने कोणता निर्णय घ्यायचा हे कोणालाच सांगता येत नाही.

हे काम पहिल्यांदा हातात घेणारे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. गणित फार नाही; गुणाकार, भागाकार आणि एखादं वर्गमूळ पुरतं. एक हट्ट मात्र मी शेवटपर्यंत धरणार आहे: आधी कागदावर अंदाज, मग संगणक.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

"इमारत थंड राहील का?" या प्रश्नाला सिम्युलेशनकडे उत्तर नाही. तोच प्रश्न असा विचारा: "सगळ्यात उष्ण महिन्यात वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोल्यांत आरामाच्या मर्यादेबाहेर किती तास जातात, आणि छताला इन्सुलेशन दिलं तर त्यातले किती कमी होतात?" आता यात जागा आहे, काळ आहे, मोजायची गोष्ट आहे आणि तुलनेला दोन पर्याय आहेत.

दोन पर्याय हवेतच. मॉडेलमध्ये गृहीत धरलेल्या गोष्टींतल्या चुका दोन्ही पर्यायांत जवळपास सारख्या शिरतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक बराच भरवशाचा निघतो. "खोलीत ३१.४ अंश असतील" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून मी चार हात लांब राहतो. "छज्जा दिला तर दुपारचं तापमान साधारण दीड अंशाने उतरतं" असं कोणी म्हणालं, तर त्याचं मॉडेल बघायला बसतो.

आणि हे सगळं आराखडा पक्का होण्याआधी करा. इमारतीची दिशा, खोलीची खोली आणि खिडक्यांच्या जागा ठरून गेल्यावर सिम्युलेशनच्या हातात फक्त काचेचा प्रकार उरतो.

## २. कोणतं मॉडेल कशासाठी, हे ओळखा

तीन तऱ्हा आहेत आणि त्या एकमेकींची कामं करत नाहीत.

पहिली तऱ्हा झोन मॉडेलची, म्हणजे थर्मल सिम्युलेशनची. यात प्रत्येक खोली किंवा खोल्यांचा गट हा एक झोन. झोनमधली सगळी हवा एकाच तापमानाची, नीट मिसळलेली धरतात. भिंतींतून, काचेतून, माणसांकडून आणि उपकरणांकडून येणारी उष्णता तासागणिक किंवा त्याहून बारीक टप्प्यांनी मोजत वर्षाचे ८७६० तास पार करतात. खोलीच्या कोणत्या कोपऱ्यात झुळूक लागते हे यातून कळत नाही, पण वर्षभरात किती तास खोली तापते ते कळतं.

दुसरी तऱ्हा हवेच्या जाळ्याची, म्हणजे एअरफ्लो नेटवर्कची. झोन हे बिंदू. खिडक्या, दारं आणि फटी हे त्यांना जोडणारे मार्ग. प्रत्येक मार्गाच्या दोन टोकांतल्या दाबाच्या फरकावरून किती हवा जाईल ते काढतात. हे गणित झटपट होतं आणि पहिल्या तऱ्हेला जोडून वर्षभर चालवता येतं.

तिसरी तऱ्हा सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स. जागेचे लाखो छोटे कप्पे पाडून प्रत्येकात वेग, दाब आणि तापमान सोडवायचं. तपशील भरपूर मिळतो, पण सहसा एका क्षणाचा किंवा थोड्या वेळाचा. वर्षभराची सीएफडी कोणी करत नाही.

सगळ्यांना आधी सीएफडीच करायची असते, कारण चित्रं तिथे आहेत. माझं मत विचाराल तर घरं, शाळा आणि साध्या कार्यालयांच्या बहुतेक प्रश्नांना पहिल्या दोन तऱ्हा पुरतात. उंच सभागृह, मोठा मधला चौक, विचित्र आकाराची इमारत, दाट वस्तीत अडकलेला भूखंड किंवा "पंख्याची हवा या टेबलापर्यंत पोचते का" असा नेमका प्रश्न असेल तेव्हा सीएफडीकडे वळा.

## ३. कागदपत्रं आणि साधनं जमवा

कामाला बसण्याआधी हे टेबलावर असू द्या:

- सगळ्या मजल्यांचे आराखडे आणि निदान दोन छेद, उत्तर दिशा स्पष्ट दाखवलेली
- भिंत, छत आणि जमिनीचे थर, प्रत्येकाची जाडी. साहित्याची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता
- काचेचा यू-मूल्यांक (तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता आरपार जाते) आणि सौर उष्णता गुणांक (उन्हातली किती उष्णता आत येते)
- दारं-खिडक्यांची यादी, *प्रत्यक्ष उघडणाऱ्या* क्षेत्रफळासह
- कोणत्या वेळी किती माणसं, किती दिवे, कोणती उपकरणं
- आजूबाजूच्या इमारतींची उंची आणि अंतर, मोठी झाडं
- जवळच्या हवामान केंद्राची वर्षभराची तासागणिक फाइल

शेवटून तिसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे माणसं आणि उपकरणांचा, लोक कंटाळा करतात. बसून काम करणारा माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. भर उन्हात सावली नसलेली साध्या काचेची एक चौरस मीटर खिडकी ५०० वॉटच्या आसपास आत घेऊ शकते. म्हणजे ती खिडकी झाकायची राहिली तर पाच माणसं खोलीत कायमची बसली असं समजा. कुठल्या माहितीसाठी किती धावपळ करायची, ते अशा तुलनेतून ठरतं.

साधनांत पैसे न मोजता सुरुवात करता येते. एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पाठबळावर तयार झालेलं थर्मल सिम्युलेशनचं इंजिन २००१ पासून उपलब्ध आहे. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्याला स्वतःचा देखणा चेहरा नाही, म्हणून ओपनस्टुडिओ, लेडीबग टूल्स किंवा विकतचं डिझाइनबिल्डर यांच्यामार्फत लोक ते वापरतात. हवेच्या जाळ्यासाठी एनर्जीप्लसमध्येच सोय आहे. शिवाय निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचं कॉन्टॅम मोफत मिळतं. सीएफडीसाठी ओपनफोम आणि त्याचे निकाल पाहायला पॅराव्ह्यू, दोन्ही मोफत. ओपनफोम शिकायला वेळ लागतो, आणि कमांड लिहिण्याची सवय नसेल तर सुरुवातीला चिडचिड होणार हे धरूनच चाला.

## ४. हवामानाची फाइल: पहिला सापळा

ईपीडब्ल्यू या प्रकारची फाइल बहुतेक साधनं वाचतात. तिच्यात तापमान, आर्द्रता, सूर्यप्रकाश, वाऱ्याचा वेग आणि दिशा तासागणिक असतात. बऱ्याचदा हे "नमुना वर्ष" असतं: वेगवेगळ्या वर्षांतले प्रातिनिधिक महिने निवडून जोडलेले. त्यामुळे वर्षाच्या ऊर्जावापराचा अंदाज चांगला येतो, पण उष्णतेच्या तीव्र लाटा त्यात बहुधा गाळल्या गेलेल्या असतात. इमारत लाटेत तग धरेल का हा तुमचा प्रश्न असेल, तर खरोखरच्या एखाद्या उष्ण वर्षाची नोंद मिळवा.

आता वारा. इथे पहिलंवहिलं मॉडेल हमखास फसतं. हवामान केंद्र वारा मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवर मोजतं. तुमची खिडकी दाट वस्तीत असते. मोकळ्या मैदानासाठी ०.१४ आणि दाट शहरासाठी ०.३३ हे घातांक (उंचीबरोबर वारा किती झपाट्याने वाढतो ते सांगणारे), आणि वाऱ्याच्या थराची जाडी अनुक्रमे २७० व ४६० मीटर, हे प्रचलित आकडे घेऊन हिशेब केला तर केंद्रावरचा ४ मीटर प्रतिसेकंद वारा शहरात त्याच उंचीवर सुमारे १.८ उरतो. दाब वेगाच्या वर्गावर चालतो, म्हणजे खिडकीवरचा दाब पाचव्या हिश्शावर येतो. सॉफ्टवेअरमध्ये भूभागाचा प्रकार निवडायची एक साधी यादी असते. ती न पाहता पुढे गेलात तर तुमची इमारत माळरानावर उभी राहते आणि सगळ्या खोल्यांत छान वारा खेळतो.

## ५. कागदावरचा अंदाज

ही पायरी गाळू नका. संगणकाचं उत्तर चुकलं हे ओळखायचा एवढाच हमखास मार्ग तुमच्याकडे आहे.

समजा जिन्याच्या खाली आणि वर एकेक चौरस मीटरची उघडी जागा आहे, दोन्हींत ६ मीटरचं उभं अंतर आहे आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ४ अंशांनी गरम आहे. गरम हवा वर चढून बाहेर पडते, तिचं सूत्र असं:

प्रवाह = ०.६ × परिणामी क्षेत्रफळ × √(२ × ९.८१ × उंची × तापमानातला फरक ÷ केल्विनमधलं तापमान)

दोन सारख्या जागा एकामागोमाग आल्या की परिणामी क्षेत्रफळ एका जागेच्या सुमारे ०.७ पट होतं. केल्विनमधलं तापमान ३०० धरलं तर वर्गमुळाच्या आत येतात १.५७, त्याचं मूळ १.२५. उत्तर: सेकंदाला साधारण ०.५३ घनमीटर.

ही हवा किती उष्णता नेते? एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. ०.५३ × १२०० × ४ म्हणजे अडीच किलोवॉट. आता खोल्यांत एकूण किती वॉट निर्माण होतात त्याच्याशी ताडून पाहा. दहा किलोवॉट येत असतील तर हा झरोका एकट्याने पुरणार नाही, आणि हे कळायला सॉफ्टवेअर उघडावं लागलं नाही.

वाऱ्याचाही हिशेब करा. ३ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याचा दाब अर्धा × १.२ × ९, म्हणजे ५.४ पास्कल. वाऱ्याकडच्या भिंतीचा दाबगुणांक (वाऱ्याच्या दाबाचा किती हिस्सा भिंतीवर पडतो तो आकडा) सुमारे ०.६ आणि आडोशाच्या भिंतीचा उणे ०.३ धरला तर आरपार फरक पाच पास्कलच्या जवळ जातो. वरच्या झरोक्यातला उष्णतेचा दाब येतो ०.९४ पास्कल, म्हणजे जेमतेम एक. याचा अर्थ, खिडकीशी वारा १.३ मीटरच्या वर असला की वारा राज्य करतो आणि त्याखाली उष्णता. दोघं एकमेकांना मदत करतात की विरुद्ध ढकलतात हे झरोक्याचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. वाऱ्याच्या तोंडावर उघडणारा झरोका गरम हवा परत खाली दाबतो, आणि असे झरोके पुष्कळ बांधले जातात.

आणखी एक गोष्ट सूत्रातच दडलेली आहे: आत बाहेरपेक्षा गरम असेल तरच हवा वर चढते. जाड भिंतींची इमारत भर दुपारी बाहेरपेक्षा थंड असते. तेव्हा प्रवाह उलटा होतो आणि बाहेरची तापलेली हवा वरून आत येते. म्हणून झरोक्याची खरी कमाई संध्याकाळनंतरची.

अंगठेनियम म्हणून एवढं लक्षात ठेवा: एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत ताजी हवा छताच्या उंचीच्या साधारण अडीचपट अंतरापर्यंत आत पोचते, समोरासमोर खिडक्या असतील तर पाचपट.

## ६. झोन मॉडेल उभं करा

साधं ठेवा. प्रत्येक कपाट आणि कोनाडा काढायची गरज नाही. ज्या खोल्यांना वेगळं ऊन, वेगळा वापर किंवा वेगळी हवा मिळते त्यांचे वेगळे झोन करा. वरचा मजला, मधला आणि तळाचा यांना कधीच एकत्र करू नका. छताखालची खोली आणि मधल्या मजल्यावरची खोली यांची दुपार अगदी वेगळी जाते.

मग सावल्या घाला: छज्जे, शेजारच्या इमारती, कठडे. उत्तर दिशा फिरवून पाहा आणि संध्याकाळी ऊन पश्चिमेच्या खिडकीतच येतंय ना, हे डोळ्यांनी खात्री करून घ्या. हास्यास्पद वाटेल, पण दिशा चुकलेली मॉडेलं अहवालापर्यंत पोचतात.

या टप्प्यावरचे तीन सापळे:

जमिनीचं तापमान. एनर्जीप्लसमध्ये काही दिलं नाही तर फरशीखाली वर्षभर १८ अंश धरले जातात. वातानुकूलित इमारतीसाठी ते चालून जातं. उष्ण हवामानातल्या, वातानुकूलन नसलेल्या तळमजल्याला मात्र त्यामुळे फुकटात गारवा मिळतो आणि निकाल खोटा सुखद येतो. हवामान फाइलमधली जमिनीची तापमानंही तशीच उचलू नका. ती मोकळ्या जमिनीची असतात, इमारतीखालच्या नव्हे.

झाकलेलं थर्मल मास, म्हणजे उष्णता साठवून ठेवणारे जड भाग. रात्रीच्या हवेने काँक्रीटचा स्लॅब थंड करायचा बेत असेल आणि खाली फॉल्स सीलिंग असेल, तर हवा स्लॅबला शिवतच नाही. मॉडेलमध्ये सीलिंग दाखवायचं विसरलात की बेत यशस्वी दिसतो.

खिडक्या कायम उघड्या. खिडकीला नियम द्या: बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच उघड. पण माणसं खरंच तशी वागतील का, हा प्रश्नही विचारा. सुरक्षेसाठी रात्री तळमजल्याच्या खिडक्या बंद होत असतील तर मॉडेलमध्येही त्या बंद ठेवा.

## ७. हवेचं जाळं जोडा

इथे सगळं उघडणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून आहे. सरकती खिडकी दोन मीटर रुंद असली तरी उघडते एकच मीटर. वर कीटकांची जाळी असली की प्रवाह आणखी घटतो. आतली दारं बंद असतील तर आरपार वारा हा फक्त आराखड्यावरचा बाण असतो; दाराच्या वर झरोका किंवा खाली फट आहे का ते बघा आणि तेवढीच द्या.

दाबगुणांकांबद्दल जपून. एनर्जीप्लस ते स्वतः काढू शकतं, पण फक्त साध्या आयताकृती इमारतींसाठी. इंग्रजी एल अक्षरासारखी किंवा चौक असलेली इमारत असेल तर ते आकडे लागू नाहीत. बाहेरच्या वाऱ्याची सीएफडी किंवा वाऱ्याच्या बोगद्यातली मोजमापं यांतून गुणांक आणावे लागतात. तसंच, अख्खी भिंत उघडणाऱ्या जागांत जाळ्याचं गणित कच्चं पडतं, कारण झोतात शिरलेल्या हवेचा जोर ते पुढच्या उघडीपर्यंत नेत नाही.

वर्षाचा निकाल आला की हवा बदलण्याचा दर बघा. तासाला २०० वेळा हवा बदलते असं दिसलं तर खूश होऊ नका, वाऱ्याचा भूभाग पुन्हा तपासा.

## ८. गरज असेल तरच सीएफडी

आता प्रश्न खरंच तसा असेल तर बसा. पण अख्खं वर्ष घेऊन नव्हे: सहाव्या-सातव्या पायरीच्या निकालातून तीन-चार तास निवडा. सगळ्यात उष्ण दुपार, वारा पडलेली संध्याकाळ, नेहमीच्या वाऱ्याचा दिवस. त्या तासांची भिंती-छताची पृष्ठतापमानं झोन मॉडेलमधून उचलून सीएफडीला बाउंडरी कंडिशन, म्हणजे सीमेवरची ठरलेली स्थिती, म्हणून द्या. छत ४५ अंशांवर तापलंय हे सीएफडीला आपोआप कळत नाही. सगळ्या भिंती समान तापमानाच्या ठेवल्या तर खोलीतला खरा खेळच नाहीसा होतो.

आधी ठरवा की उष्णतेचा उचल, म्हणजे गरम हवेचा वर चढण्याचा जोर, मोजायचा का. त्यासाठी रिचर्डसन अंक आहे: ९.८१ × तापमानफरक × उंची भागिले केल्विन तापमान आणि वेगाचा वर्ग. ३ मीटर उंच खोली, ५ अंशांचा फरक आणि ०.३ मीटर प्रतिसेकंद वेग असेल तर तो पाचाच्या वर येतो; म्हणजे हवा उष्णतेच्या तालावर नाचते आहे. वेग १.५ झाला तर तो ०.२ वर उतरतो आणि वाऱ्याचा झोत वरचढ ठरतो. पहिल्या स्थितीत उष्णता वगळून केलेली सीएफडी टाकून द्यावी लागेल.

बाहेरचा वारा तपासताना जागा मोठी घ्या. युरोपातल्या कॉस्ट ७३२ या प्रकल्पाच्या मार्गदर्शनात दिलेला नियम सोपा आहे: सगळ्यात उंच इमारतीच्या उंचीच्या पाचपट अंतर पुढे, बाजूंना आणि वर, मागे पंधरापट. २० मीटरच्या इमारतीला पुढे १०० आणि मागे ३०० मीटर. वाऱ्याच्या वाटेतलं अडथळ्याचं क्षेत्रफळ एकूण छेदाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. जागा तोकडी घेतली की हवा बोळात दाबल्यासारखी पळते आणि वेग फुगून दिसतो.

प्रवेशाला वाऱ्याचा उभा आलेख द्या, सपाट एकच वेग नव्हे. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोरात, हे मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे.

मापाचं एकक तपासा. आराखडा मिलिमीटरमध्ये काढलेला असतो आणि सॉफ्टवेअर मीटर समजतं. एक भिंत किती लांब आहे ते मोजून बघितल्याशिवाय मेश, म्हणजे कप्प्यांची जाळी, करू नका.

मेश तीनदा करा: जाड, मधली, बारीक. जपानच्या स्थापत्य संस्थेची सूचना अशी की इमारतीच्या प्रत्येक बाजूला निदान दहा कप्पे असावेत, आणि पादचाऱ्यांच्या उंचीचा वारा पाहायचा तर ती उंची जमिनीपासून तिसऱ्या किंवा त्यावरच्या कप्प्यात यावी. कप्प्याची बाजू निम्मी केली की कप्पे आठपट होतात, म्हणून "आणखी बारीक करू" हे वाक्य संगणकाकडे बघून उच्चारा. मधल्या आणि बारीक मेशचं उत्तर जवळपास सारखं आलं तर मधली पुरे. फार वेगळं आलं तर दोन्हींवर विश्वास नको.

टर्ब्युलन्स मॉडेल, म्हणजे हवेतली खळबळ मोजायची पद्धत. साधं के-एप्सिलॉन सगळीकडे असतं, पण वारा जिथे भिंतीवर आदळतो तिथे ते खळबळ वाजवीपेक्षा जास्त दाखवतं आणि छतावरचा उलटा प्रवाह कमी. त्याच्या सुधारित आवृत्त्या किंवा के-ओमेगा एसएसटी घ्या. एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) अधिक खरं, आणि अधिक महाग. पहिल्या कामात त्याच्या नादी लागू नका.

गणित संपलं हे कसं कळणार? रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) उतरले एवढ्यावर थांबू नका. खोलीत दोन-चार ठिकाणी वेग-तापमानाची नोंद ठेवा; ती स्थिर झाली पाहिजे. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा जुळली पाहिजे. घातलेले वॉट आणि बाहेर गेलेले वॉट जुळले पाहिजेत. शेवटची तपासणी फार थोडे जण करतात आणि चुका तिथेच सापडतात. आकडे स्थिर न होता डोलत राहिले, तर कदाचित प्रवाहच अस्थिर आहे. मग काळानुसार बदलणारं गणित करावं लागेल.

वेळ वाचवणारी एक युक्ती: कोनाकोपरे धारदार असलेल्या इमारतीभोवतीच्या निव्वळ वाऱ्यात प्रत्येक जागेच्या वेगाचं येणाऱ्या वाऱ्याशी प्रमाण जवळपास कायम राहतं. म्हणून प्रत्येक दिशेला एकाच वेगाने गणित करा आणि बाकीच्या वेगांसाठी गुणोत्तर लावा. उष्णतेचा उचल महत्त्वाचा असला तर ही युक्ती चालत नाही.

## ९. निकाल वाचताना

चित्रातल्या रंगपट्टीच्या दोन्ही टोकांचे आकडे आधी वाचा. २८.० ते २८.६ अंशांची पट्टी लावली तरी खोली निळी-लाल दिसते. दोन पर्यायांची चित्रं शेजारी ठेवत असाल तर पट्टी दोन्हींना एकच हवी. नाहीतर ती फसवणूकच.

माणसाला हवेचं तापमान एकटं जाणवत नाही. तापलेल्या छताची आणि भिंतींची उष्णता अंगावर येते. हवा संथ असताना हवेचं तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान यांची सरासरी काढा. तिला ऑपरेटिव्ह तापमान म्हणतात. हवा २९ आणि पृष्ठभाग ३५ असतील तर माणसासाठी खोली ३२ ची आहे.

नैसर्गिक हवेच्या इमारतींसाठी ॲश्रे या अमेरिकी संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या मानकातलं अनुकूलनाचं सूत्र वापरा: सोयीचं तापमान = ०.३१ × बाहेरचं सरासरी तापमान + १७.८. बाहेरची सरासरी ३० असेल तर २७.१ येतात, ८० टक्के लोकांच्या स्वीकृतीसाठी वर-खाली ३.५ अंश, म्हणजे वरची हद्द ३०.६. हवा अंगावर वाहत असेल तर ही हद्द आणखी वर सरकते: ०.६ मीटर प्रतिसेकंदाला १.२ अंश, १.२ मीटरला २.२ अंश. हे सूत्र बाहेरची सरासरी १० ते ३३.५ अंशांच्या आत असतानाच लागू होतं. वातानुकूलित जागेत पीएमव्ही पद्धत (लोकांना सरासरी किती गरम-गार वाटेल याचा अंदाज) घ्या. तिला तापमान, पृष्ठभागांची उष्णता, वेग, आर्द्रता, कपडे आणि कामाची धावपळ असे सहाही आकडे लागतात.

ग्राहकाला किंवा वरिष्ठांना मर्यादेबाहेरचे तास सांगा, कमाल तापमान नव्हे. आणि बाजूला गृहीतकांचं एक पान जोडाच: भूभाग, उघडं क्षेत्रफळ, खिडक्यांचा नियम, जमिनीचं तापमान, मेशचा आकार. त्या पानावाचून आलेला अहवाल मी वाचत नाही.

## १०. मोजमापाशी जुळवून पाहा

सॉफ्टवेअर प्रमाणित आहे, ॲश्रे १४० च्या चाचण्या त्याने पार केल्या आहेत, असं कोणी सांगितलं तर छान. त्या चाचण्या सॉफ्टवेअरच्या गणिताच्या आहेत. तुम्ही भरलेल्या आकड्यांना त्या हात लावत नाहीत.

तशाच बांधणीची एखादी जुनी इमारत उपलब्ध असेल तर तिचं मॉडेल आधी करा आणि आठवडा-दोन आठवडे तापमान नोंदवणारे छोटे लॉगर लावा. त्यांच्यावर ऊन पडता कामा नये, बाहेरच्या भिंतीला ते चिकटवू नयेत, दिव्याजवळ ठेवू नयेत. झुळूक मोजायला गरम तारेचा अॅनिमोमीटर घ्या. फिरत्या पात्यांचा घरातल्या मंद वेगात अडतो. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे धुराच्या कांडीने काही मिनिटांत दिसतं.

आकडे जुळले नाहीत तर क्रमाने बघा: खिडक्या खरंच कधी उघडल्या जातात, फटींतून किती हवा येते, माणसं आणि उपकरणं किती वेळ असतात, आणि मग साहित्याचे गुणधर्म. रात्रीचं तापमान जुळतं पण दुपारचं नाही, तर आधी ऊन आणि सावली तपासा. दुपार जुळते पण रात्री मॉडेल लवकर गार होतं, तर थर्मल मास कमी दिलंय किंवा रात्रीची हवा जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती का बदलली ते गृहीतकांच्या पानावर लिहा.